आत्याबाईंना बर्फ बघायचाय

आमच्या विटा-खानापूर भागात कुणाच्या घरी गेलात आणि "धाकटा कुठं असतो?" असं विचारलंत, तर उत्तर पुणं-मुंबईच येईल असा भरवसा नाही. कुणाचा कोइमतूरला असतो, कुणाचा गुवाहाटीला, कुणाचा लुधियान्याला. गलाईच्या धंद्यानं आमची माणसं साऱ्या मुलखात पांगली आहेत. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडचे साताऱ्याचे खटाव-माण हा सगळा कमी पावसाचा पट्टा. इथली पोरं मिसरूड फुटायच्या आत घराबाहेर पडली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची माती धुऊन त्यातला कण न् कण काढायचा, हा तो धंदा. सोन्यात तिप्पट चांदी घालून मुशीत एकत्र वितळवतात, मग ते तेजाबात टाकतात. चांदी विरघळून जाते आणि तळाशी शुद्ध सोनं उरतं. सांगायला दोन ओळींचं काम, पण तो पिवळा धूर वर्षानुवर्षं नाकातोंडात घ्यावा लागतो.

आमचे धाकटे दीर याच धंद्यात श्रीनगरला असतात. बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खडी फोडायला जात होत्या तेव्हा दीर पोटात होते. पंधराव्या वर्षी, 1988 साली, गावातल्या एकाबरोबर ते भटिंड्याला गेले. तिथून जम्मू, आणि 2004 पासून श्रीनगर. आता तिथं त्यांची स्वतःची छोटी भट्टी आहे, जाऊबाई आहेत, दोन मुलं तिथल्याच शाळेत शिकली. दरवर्षी जत्रेला सगळी येतात, आठ-दहा दिवस राहतात आणि जातात. येताना अक्रोड आणतात, जाताना शेंगदाणे, ज्वारीचं पीठ आणि खपली गहू नेतात. एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी गेलेलं नाही. शेतकऱ्याच्या घरचं जाणं म्हणजे पंढरपूर, जोतिबा, फार तर तुळजापूर. चार दिवसांवर म्हशी टाकून जाणार कोण?

तर यंदा दसऱ्याला आत्याबाईंनी सांगून टाकलं, "मला धाकट्याकडं जायचंय. आणि थंडीत जायचंय. बर्फ बघायचाय मला."

आत्याबाई 78 वर्षांच्या आहेत. दीर फोनवरून म्हणाले, "आई, एप्रिलात ये की. फुलं असतात, ऊन असतं, हिंडता येतं. थंडीत तर इथली माणसंसुद्धा घराबाहेर पडत नाहीत."

आत्याबाई म्हणाल्या, "फुलं मला काय करायचीत? माझं पोर ज्या थंडीत काकडतंय ती थंडी मला बघायचीय."

त्यावर फोनच्या त्या बाजूला कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं दीर म्हणाले, "वहिनी, बघा मग. तारीख कळवा. आईला गुलमर्गला नेतो."

गुलमर्ग हे श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटरवर, 8,700 फूट उंचीवरचं गाव. उन्हाळ्यात ते हिरवं कुरण असतं. हिवाळ्यात त्याच उतारावर माणसाच्या कमरेइतका बर्फ साठतो, आणि पायाला लांब पट्ट्या बांधून त्या उतारावरून घसरत जायचा खेळ चालतो. त्याला स्कीइंग म्हणतात. 1927 साली इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथं या खेळाचा क्लब काढला होता. आता तिथं तारेवरचे पाळणे आहेत. पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला, दुसरा 2005 साली, आणि वरचं ठाणं जवळजवळ 13,000 फुटांवर आहे. परदेशातून लोक विमानानं त्या उतारासाठी येतात. आत्याबाईंना मात्र गुलमर्ग एवढंच माहीत होतं की 'आप की कसम' या सिनेमातलं टेकडीवरचं शंकराचं देऊळ तिथलं. जत्रेतल्या तंबूत त्यांनी तो सिनेमा बघितला होता. ते लाकडी देऊळ 2024 च्या जूनमध्ये आगीत जळालं, हे त्यांना मीच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "देव काय लाकडात असतोय व्हय? टेकडी हाय न्हवं जाग्यावर?"

जायचं ठरलं, पण कधी? हा प्रश्न सुटायला आम्हाला दीड महिना लागला. शहरातल्या माणसाला सुट्टी काढली की झालं. आपल्या घरात हिवाळा म्हणजे कामाचा मोसम. टेंभूचं पाणी आल्यापासून आमच्याकडं दोन एकर ऊस असतो, बाकी शाळू, थोडा हरभरा. ऊसतोड कधी येईल ते कारखान्यालाच ठाऊक. तोडीची टोळी दारात उभी राहिली की घरात माणूस हवंच; वाडं कुणी बांधायचं, ट्रॅक्टर शेतातून कुठून काढायचा, टोळीला पाणी कुठलं, शंभर गोष्टी. ज्यांच्या बागा आहेत त्यांचं तर आणखी कठीण. तासगावकडं माझं माहेर आहे. तिथं ऑक्टोबरच्या छाटणीपासून बाग उतरेपर्यंत द्राक्षवाल्याच्या घरात लग्नाची तारीखसुद्धा धरत नाहीत.

मग आम्ही काश्मीरचं पंचांग बघितलं. हे मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडं जशी पावसाची नक्षत्रं असतात, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, तशी त्यांच्याकडं थंडीची असतात. 21 डिसेंबरपासून 30 जानेवारीपर्यंतचे 40 दिवस म्हणजे चिल्लई कलां, मोठी थंडी. त्यानंतरचे 20 दिवस चिल्लई खुर्द, म्हणजे धाकटी. आणि शेवटचे 10 दिवस चिल्लई बच्चा, म्हणजे थंडीचं पोर. मोठ्या थंडीत श्रीनगरला रात्रीचा पारा शून्याच्या खाली जातो, नळाचं पाणी गोठतं, दल सरोवराच्या कडेला बर्फाची साय धरते. 2021 च्या जानेवारीत तर श्रीनगरचा पारा उणे 8 च्याही खाली गेला होता.

आणि जसा आपला मृग हल्ली दगा देतो, तशी त्यांची चिल्लईही. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिनाभर उघडेबोडके पडले होते. वाळलेलं पिवळं गवत दिसत होतं, लोकांनी हॉटेलं सोडली होती. बर्फावरच्या खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा तिथं 2020 पासून होतात, त्या त्या वर्षी पुढं ढकलाव्या लागल्या. 2025 सालीही बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतल्या स्पर्धा मार्चमध्ये घेतल्या. दिरांनी हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "म्हंजे बर्फाचंबी आपल्या पावसासारखंच की. पेरणी करून बसायचं आणि आभाळाकडं बघायचं."

तिथल्या बागवानांना बर्फाची काळजी खेळवाल्यांपेक्षाही जास्त असते. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते. ती पुरी मिळाली नाही तर वसंतात डोळे एकसारखे फुटत नाहीत, फूल मागंपुढं होतं. आणि डोंगरावरचा बर्फ हे त्यांचं धरण आहे. आपलं कोयनेत 105 टीएमसी पाणी साठतं आणि उन्हाळाभर पुरतं, तसं त्यांचं पाणी डोंगरावर पांढरं होऊन बसतं आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळून झेलमला, ओढ्यांना, भाताच्या पाटांना येतं. त्यातही चिल्लई कलांमध्ये पडलेला बर्फ टिकतो. पुढं फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलेला लवकर वितळून वाहून जातो. म्हणजे आपल्याकडं जसं वेळेवर भिजपाऊस पडला तर तो मुरतो आणि वळवाचा वाहून जातो, तसंच. आत्याबाईंना ही गोष्ट एका वाक्यात पटली. बर्फ म्हणजे नुसती मौज नव्हे, पाणी आहे, असं कळल्यावर त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना ते समजावून सांगितलं.

आणखी एक. तिकडं बर्फ पाडणारे ढग भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तानवरून येतात. ते पुढं सरकले की उत्तरेचा कोरडा गार वारा खाली उतरतो आणि दोन-तीन दिवसांत आपल्याकडं हुडहुडी भरते. त्यामुळं आता घरात नवीन खेळ सुरू झाला आहे. दिरांचा फोन येतो, "वहिनी, रात्री वर बर्फ पडला." मग माझी मुलगी दिवस मोजते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणते, "काकांची थंडी आली बघ."

शेवटी असं बसलं: 14 जानेवारीला संक्रांत. त्या दिवशी घरातली सवाष्ण वाण सोडून कुठं जाणार? ती झाली की निघायचं आणि शाळू काढणीला यायच्या आत, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत. म्हणजे मोठ्या थंडीची शेपटी आणि धाकटीचं तोंड, दोन्ही आत्याबाईंना बघायला मिळतील.

पण तारखेपेक्षा मोठा एक प्रश्न होता, आणि तो आमच्यात कुणी मोठ्यानं काढत नव्हतं. 2025 च्या 22 एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात अतिरेक्यांनी 26 माणसं मारली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. त्या रात्री आमच्या घरात चूल पेटली नाही. दिरांचा फोन लागेपर्यंत आत्याबाई देवापुढं बसून होत्या. फोन लागला तेव्हा दीर म्हणाले, की आम्ही बरे आहोत, घरमालक आत्ताच येऊन बसून गेले, उद्या सगळं बंद आहे. दुसऱ्या दिवशी साऱ्या खोऱ्यातले दुकानदार निषेध म्हणून दुकानं बंद ठेवून रस्त्यावर आले होते, हे आपण सगळ्यांनी वाचलं. पुढं सरकारनं बरीच पर्यटनाची ठिकाणं बंद ठेवली आणि टप्प्याटप्प्यानं उघडली.

आमच्या भावकीत दोन तट पडले. चुलत सासरे म्हणाले, "म्हातारीला घिऊन तिकडं जायाचं म्हंजे इस्तू पदरात बांधायचा." माझा मुलगा म्हणाला, "पणजी-आजी कुणी कुठं जायचं नाही, काकांनाच इकडं बोलवा कायमचं." दोघांचं बोलणं मायेपोटी होतं, त्यात मला काही खोट दिसली नाही. पण मी मनाशी विचार केला, की जिथं आपलं माणूस वीस वर्षं राहतं, मुलं शाळेत घालतं, ज्या गल्लीत उधारीवर दूध मिळतं, तिथं आपण दहा दिवससुद्धा जायचं नाही, असं म्हटलं तर त्या माणसानं तिथं राहायचं तरी कसं? शेवटी हे दिरांशी एकटे बोलले. अर्धा तास बोलले. आत येऊन एवढंच म्हणाले, "तो न्यायला स्टेशनवर येणार हाय. त्यानं सांगितलेल्या ठिकाणीच जायचं, त्यानं नगं म्हटलं तिथं न्हाई." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. पण तिकडं जाणाऱ्यानं तिथल्या आपल्या माणसाला विचारून, त्या त्या आठवड्याची परिस्थिती बघूनच निघावं, हे मी सगळ्यांना सांगीन.

मग आत्याबाईंच्या प्रकृतीचा प्रश्न. विट्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छातीची पट्टी काढली. म्हणाले, श्रीनगर 5,200 फुटांवर आहे, त्याची काळजी नाही. गुलमर्गला दिवसभर राहून खाली यावं, मुक्काम नको. तारेच्या पाळण्याच्या दुसऱ्या टप्प्याला मुळीच बसवू नका, तिथं हवा विरळ असते आणि म्हाताऱ्या काळजाला ती पुरत नाही. पहिल्या टप्प्याचंसुद्धा तिथं गेल्यावर बघा, धाप लागत नसली तरच. आत्याबाई म्हणाल्या, "मला आभाळात न्हाई जायाचं. बर्फात पाय ठिवायचा एवढंच."

डॉक्टरांनीच सुचवलं, की आधी जवळच्या थंडीत एक रात्र राहून बघा. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही महाबळेश्वरला गेलो. माझ्या मावसबहिणीच्या सासरची तिकडं स्ट्रॉबेरी आहे. महाबळेश्वर 4,500 फुटांवर, म्हणजे श्रीनगरपेक्षा फार कमी नाही. तिथं वेण्णा तलावाच्या कडेला आणि लिंगमळ्याकडं हिवाळ्यात काही पहाटे दव गोठतं आणि गवत पांढरं दिसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'महाबळेश्वरला हिमकण' म्हणून फोटो येतो आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात.

आमच्या नशिबानं दुसऱ्याच पहाटे ते दिसलं. पाहुणे उठवायला आले. आत्याबाई घोंगडी घेऊन वाफ्याच्या बांधावर उभ्या राहिल्या. रोपांवर अंथरलेल्या कापडावर आणि बांधाच्या गवतावर मीठ पेरल्यासारखं पांढरं पडलं होतं. त्यांनी चिमटीत धरलं, बोटावर विरघळू दिलं आणि म्हणाल्या, "हे काय बर्फ न्हवं. हे दहिवर थिजलंय. ह्यानं आमचा पावटा करपायचा." पाहुणे हसले, पण त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. निरभ्र रात्री वारा पडला की जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते. हवेत पारा तीन-चार अंशावर असला तरी गवताचं पातं शून्यावर येतं आणि त्यावरचं दव गोठतं. बर्फ वरून पडतो, हे खालीच तयार होतं. आणि फोटो काढणाऱ्याला ते छान दिसत असलं तरी स्ट्रॉबेरीवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण फूल काळं पडतं. पाहुणे सूर्य उगवायच्या आत तुषार लावून पाणी सोडायच्या गडबडीत होते. आम्ही चहा नंतर घेतला, आधी त्यांना पाइप ओढू लागलो.

आत्याबाईंना त्या थंडीचा काही त्रास झाला नाही. परत येताना पसरणीचा घाट उतरताना मात्र गाडी लागली. तेव्हा वळणाचा रस्ता टाळायचा हे पक्कं झालं.

कपड्यांवरून आमच्याकडं आठवडाभर कीर्तन झालं. आत्याबाई नऊवारी लुगडं नेसतात. मुलीनं लोकरीची विजार आणली आणि "आजी, आतून घाल, कुणाला दिसणार नाही" म्हणून मागं लागली. आत्याबाईंनी ती विजार म्हशीच्या रेडकावर टाकली. अखेर गल्लीतले एक निवृत्त सुभेदार मदतीला आले. आमच्या भागात बर्फाची ओळख खरी त्यांच्यासारख्यांनाच आहे. साताऱ्या-सांगलीच्या कितीतरी घरातली पोरं बर्फातल्या चौक्यांवर उभी असतात. 2016 च्या फेब्रुवारीत सियाचीनला हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यात एक माण तालुक्यातला होता. लष्कराची बर्फातल्या लढाईची शाळासुद्धा गुलमर्गलाच आहे, 1948 पासून. सुभेदार तिथं शिकून आले आहेत. त्यांनी आत्याबाईंना नीट समजावलं: एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ घालावेत, मधली हवा ऊब धरते. आत लोकर, सुती नको, कारण सुती घामानं ओलं होतं आणि ओलं झालं की थंडी हाडात शिरते. मोजे दोन जोड, पण पायताण घट्ट नको, बोटं हलली पाहिजेत. डोकं आणि कान झाकायचे. उन्हात बर्फाकडं बघताना काळा चष्मा, नाहीतर डोळ्यांची आग होते.

"आणि ही विजार घाला काकी," सुभेदार म्हणाले, "आम्ही सगळे जवान आतून हीच घालतो."

जवान घालतात म्हटल्यावर आत्याबाईंनी विजार रेडकावरून काढून धुवायला टाकली. वरून लुगडं, आणि लुगड्यावर तिथला फेरन. फेरन म्हणजे गुडघ्याखालीपर्यंत येणारा ढगळ लोकरी अंगरखा. जाऊबाई तो शिवून ठेवणार आहेत. नऊवारीवर तो चांगला बसेल असं त्यांचं म्हणणं आहे.

घोंगडी मात्र जाणारच. आमच्याकडची घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीची खरबरीत लोकर, सणगरांनी मागावर विणलेली, वर चिंचोक्याची खळ दिलेली. भर पावसात तिची खोळ करून बाई भांगलण करते आणि आत पाणी उतरत नाही. दुकानातले फुगीर कोट बघून मुलगी नाक मुरडत होती, पण सुभेदारांनीच सांगितलं, की वरून पडणारा भुसभुशीत बर्फ झाडून टाकायला घोंगडीसारखं दुसरं काही नाही.

फेरनच्या आत तिकडची माणसं कांगडी धरतात. मातीचं बोळकं, भोवती वेताच्या टोपलीसारखं विणकाम, आत कोळशाचा इंगळ. आपली शेगडीच, पण पोटाशी धरून हिंडायची. जाऊबाईंनी बजावलं आहे, की आत्याबाईंना ती रात्री अंथरुणात द्यायची नाही. अंगावर सांडते, आणि रोज पोटाला लावली तर कातडी करपते, पुढं आजारही होतो. खोलीत कोळशाची किंवा गॅसची शेगडी असेल तर खिडकीची फट उघडी ठेवायची. बंद खोलीतल्या त्या वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातं. दर हिवाळ्यात तिकडं अशा बातम्या येतात. थंडीच्या ठिकाणी जाणाऱ्या आपल्या माणसांना हे आवर्जून सांगा. आपल्याकडं दारं-खिडक्या उघड्या असतात, त्यामुळं आपल्या हे ध्यानात येत नाही.

आता वाट. मुलगा म्हणत होता पुण्याहून विमानानं जा. त्याला आत्याबाईंनी विचारलं, "इमानात डोळा लागायच्या आत पोचतंय म्हणं. मग माझा लेक किती लांब ऱ्हातोय ते मला कसं कळायचं?" म्हणून रेल्वेच. मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून कटरा, आणि कटऱ्याहून थेट श्रीनगर. हा शेवटचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये सुरू झाला. त्याआधी दीर जम्मूला उतरून बनिहालच्या रस्त्यानं जायचे. बर्फ पडला, दरड आली की रस्ता बंद, मग दोन-दोन दिवस गाडीत. एका वर्षी जत्रेहून परत जाताना त्यांनी चार भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर दीड दिवस काढला होता. आता तेच अंतर बोगद्यांतून तीन तासांत. वाटेत चिनाब नदीवरचा पूल लागतो, नदीपात्रापासून 359 मीटर उंच. गाडीला आतून ऊब देण्याची सोय आहे. घाट नाही, वळणं नाहीत, तेव्हा आत्याबाईंना गाडी लागायची भीती नाही.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, हे ध्यानात ठेवून आम्ही नोव्हेंबरातच खालचे बाक धरले. तिकडं आपलं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून मुलीनं तिचं पोस्टपेड करून घेतलं. गुलमर्गच्या खाली तंगमर्ग म्हणून गाव आहे. तिथून वर जायला चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घ्यावी लागते, आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट भाड्यानं मिळतात. पाळण्याची तिकिटं आधीच काढावी लागतात, ते पुतण्या बघणार आहे. बर्फावरून ओढायच्या लाकडी घसरगाड्या असतात. तिथली गरीब माणसं त्या ओढतात आणि हिवाळ्यातली त्यांची कमाई तेवढीच. आत्याबाई म्हणतात, "माणसानं वडायच्या गाडीत मी बसायची न्हाई." दीर म्हणतात, "आई, तू बसली न्हाईस तर त्याची चूल कशी पेटंल?" हा वाद तिथं जाऊन मिटेल.

जाऊबाईंनी भाज्यांची काळजी करू नका म्हणून कळवलं आहे. तिकडच्या बायका उन्हाळ्यात वांगी, टोमॅटो, दुधी, सलगम कापून दोरीत ओवून वाळवतात आणि हिवाळाभर त्या खातात. आपले सांडगे आणि वाळवलेली गवार तशीच. जाऊबाई दोन्ही करतात. शेजारणीला त्यांनी सांडगे शिकवले आणि तिनं त्यांना वांगी वाळवायला. त्या शेजारणीसाठी मी तिळाच्या वड्या आणि दोन शेर शाळूचं पीठ बांधलं आहे.

राहता राहिली घरची व्यवस्था. म्हशींचं दूध मुलगा आणि चुलत जाऊ बघणार. चिटबॉयनं निरोप दिला आहे, तोड 20 जानेवारीच्या सुमारास येईल. आमच्याकडं 'सुमारास' म्हणजे आठ दिवस अलीकडं-पलीकडं. म्हणून यांनी ठरवलं, की आपण राहायचं. मी म्हटलं, तुमचा सख्खा भाऊ, तुम्हीच जा, तोडीला मी उभी राहते. ऊस काही मला नवीन नाही. तर म्हणाले, "आईला रात्री उठवायला बाईमाणूस पायजे. आणि टोळीशी भांडायला मी बरा." तिकीट चौघांचं काढलं होतं, त्यातलं एक रद्द केलं. दोघे भाऊ जत्रेला भेटतीलच म्हणा. पण रद्द केल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा हे बराच वेळ गोठ्यात होते.

येत्या 23 जानेवारीला आम्ही निघतो, आत्याबाई, मुलगी आणि मी. आत्याबाईंनी दिवाळीपासून दिरांसाठी एक वाकळ शिवायला घेतली होती, ती परवा पुरी झाली. त्यात त्यांच्या स्वतःच्या सात लुगड्यांचे तुकडे आहेत आणि मध्ये सासऱ्यांचं एक धोतर. तिकडं रजया असतात, हे मुलीनं तीनदा सांगून बघितलं. वाकळ ट्रंकेत तळाशी गेली आहे, तिच्यावर पीठ, वड्या, शेंगदाण्याची चटणी आणि ती लोकरी विजार. वर जागाच राहिली नाही, म्हणून घोंगडी खांद्यावरून न्यायची आहे.